शिखर तुमचं, अवशेष त्यांचे? पेलोपोनीसला निघालेल्या जोडप्याला

प्रश्न : मी 57 वर्षांची, नवरा 63 चा. दोघंही निवृत्त. मी बऱ्याच वर्षांपासून आमच्या ट्रेकिंग ग्रुपबरोबर सह्याद्रीत फिरते. राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई असं सगळं झालंय. नवऱ्याला डोंगराचं वेड नाही, इतिहासाचं आहे. यंदा ग्रीसला जायचं ठरलं. बेटांवर गर्दी नको म्हणून पेलोपोनीस हा ग्रीसच्या दक्षिणेचा द्वीपकल्प निवडला, कारण डोंगर, समुद्र आणि प्राचीन अवशेष तिथे एकाच ठिकाणी आहेत. हातात बारा दिवस आहेत. पण बेत आखायला बसलो की वाद होतात. मला तायगेतोसच्या शिखरावर जायचंय. त्याला कोरिंथ, मायसिनी, एपिदाव्रोस, मिस्त्रास, ऑलिंपिया आणि जमलं तर डेल्फी. त्याचा उजवा गुडघा कुरकुरतो. शिवाय तो प्रत्येक दगडापाशी उभा राहून पाटी वाचतो आणि माझी चिडचिड होते. ग्रुपमधल्या मैत्रिणी म्हणतात, त्याचं ओझं कशाला, तू एकटीच जा. जुलैत जायचा विचार आहे, पावसाळी ट्रेकची सवय आहेच. मी शाकाहारी आहे, तो नाही. आम्ही एकत्र जावं का? आणि गेलोच तर कसं?
— चालणारी, पुणे

ताई,

आधी महिना बदला, मग बाकीचं बोलू.

जुलै हा तुमच्या डोक्यात ट्रेकचा महिना आहे, कारण आपल्याकडे तेव्हा पाऊस असतो, डोंगर हिरवे असतात, गारवा असतो. ग्रीसमध्ये हे पंचांग बरोबर उलटं चालतं. तिथला पाऊस हिवाळ्यात पडतो आणि जून ते ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात. जुलैत खालच्या पट्ट्यात 35 अंशांच्या पुढे जाणं नेहमीचं, लाट आली तर 40 च्या वर. जुलै 2023 मध्ये अथेन्सचं अक्रोपोलिससुद्धा दुपारच्या वेळी बंद ठेवावं लागलं होतं. जून 2024 च्या उष्णतेच्या लाटेत ग्रीसमध्ये पायी फिरायला निघालेले अनेक परदेशी पर्यटक दगावले, आणि त्यातले बरेच जण पन्नाशीच्या पुढचे होते. त्यांना चालायची सवय नव्हती असं समजू नका. शिवाय उन्हाळा हा तिथे वणव्यांचा हंगाम. धोका फार वाढला की त्या दिवशी जंगलात जायलाच बंदी असते, म्हणजे विमानाचं तिकीट काढून हॉटेलात बसायची वेळ.

तेव्हा एप्रिलचा मध्य ते मेअखेर, नाहीतर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. मला विचाराल तर मे. डोंगरउतारांवर फुलं असतात, झऱ्यांना पाणी असतं आणि साडेआठपर्यंत उजेड. ऑक्टोबरमध्ये समुद्र पोहण्याइतका उबदार असतो, पण तेव्हा शिकारीचा हंगाम सुरू असतो, अवशेषांची दारं लवकर बंद व्हायला लागतात आणि एखादा मोठा पाऊस आला तर घळींमध्ये पाण्याचा लोंढा येतो. मे महिन्यातली एकच अडचण म्हणजे तायगेतोसच्या माथ्याजवळ बर्फ राहिलेलं असू शकतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही नवऱ्याच्या गुडघ्याची काळजी लिहिली आहे. मला काळजी वाटते ती तुमच्या आत्मविश्वासाची. रागावू नका. सह्याद्रीनं तुम्हाला पाय दिले, दम दिला, हे खरं. पण ग्रुपबरोबर फिरताना वाट कोण शोधतं? लीडर. पाणी कुठे मिळेल हे कोणाला माहीत असतं? त्यालाच. चुकलात तर खालच्या वाडीतले मामा हाक मारून सांगतात, ‘इकडून नाही, तिकडून.’ पेलोपोनीसच्या डोंगरात यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. गाडीरस्ते झाल्यावर जुन्या पायवाटा वापरातून गेल्या, गावं रिकामी होत गेली. ज्या वाटा चालू आहेत त्यांच्यावर रंगाचे ठिपके आणि पाट्या असतात, पण मध्येच त्या दिसेनाशा होतात आणि वाट काटेरी झुडपांत शिरते. हाफ पँट घालून गेलात तर संध्याकाळी पिंढऱ्या पाहून कळेल.

दगडाचाही फरक आहे, आणि हा फरक पायांना पहिल्याच दिवशी जाणवतो. आपला डोंगर बसाल्टचा. त्यात टाकं खोदलं की पाणी वर्षभर टिकतं, म्हणून गडावर पोचलं की टाक्यातलं पाणी मिळेल अशी आपली सवय. तायगेतोस आणि त्याच्या आजूबाजूचा बराचसा प्रदेश चुनखडीचा आहे. चुनखडीत पाणी थांबत नाही. भेगांमधून खाली जातं आणि पार पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. त्यामुळे गावाच्या चौकात बारमाही वाहता नळ आणि त्याच गावाच्या वर चार तास पाण्याचा थेंब नाही, अशी स्थिती असते. माणशी तीन लिटर पाणी पाठीवर हवं, आणि गावातला झरा दिसला की बाटली अर्धी रिकामी असली तरी भरून घ्यायची. आणखी एक गोष्ट. बसाल्ट ओला झाला की घसरतो. चुनखडी शतकानुशतकं पायाखाली घासून इतकी गुळगुळीत होते की कोरडी असतानाही पाय सटकतो, आणि जिथे घासलेली नसते तिथे ती धारदार असते. पातळ तळव्याचे हलके बूट इथे चालणार नाहीत. जाड तळव्याचे, घोट्याला धरणारे घ्या आणि दोन महिने आधीपासून घालून फिरा.

म्हणून निघण्याआधी एक काम करा. ग्रुपच्या पुढच्या दोन-तीन ट्रेकमध्ये लीडरला सांगा की आज पुढे मी राहणार. मोबाइलमध्ये नकाशा आधी उतरवून घ्या, नेट बंद ठेवा आणि तुम्हीच वाट काढा. चुकलात तर लीडर मागे आहेच. हे जमलं की पेलोपोनीसमधल्या सोप्या वाटा तुम्ही दोघंच चालू शकाल. तिथे ‘अनावासी’ या ग्रीक प्रकाशनाचे डोंगरी नकाशे मिळतात. ते छापील घ्या, मोबाइलची बॅटरी संपते.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. एकत्रच जा. मैत्रिणींचं म्हणणं मला पटलं नाही, आणि ते भावनेपोटी नाही. तुम्ही शिखर आणि अवशेष अशा दोन याद्या केल्या आहेत, पण पेलोपोनीसमध्ये त्या वेगळ्या काढणंच कठीण आहे. तिथले प्राचीन लोक आणि नंतरचे बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) राजे डोंगरांवरच बसले होते. अवशेष बघायचे तर चढावं लागतं आणि चढलात की अवशेष लागतात. बारा दिवसांत एक दिवस तुमचा एकटीचा आणि बाकी सगळे दोघांचे, असा बेत सहज बसतो.

याचं उत्तम उदाहरण म्हणजे प्राचीन मेस्सिनी. तुमच्या दोघांच्याही यादीत ते नाही, याचं मला जरा आश्चर्य वाटलं. ख्रिस्तपूर्व 371 मध्ये थीब्ज या ग्रीक नगरराज्याच्या एपामिनोंडास या सेनापतीनं ल्यूक्ट्राच्या लढाईत स्पार्टाचा कणा मोडला. स्पार्टानं शेजारच्या मेस्सिनियातल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत राबवलं होतं. एपामिनोंडासनं त्यांना मोकळं केलं आणि 369 मध्ये इथोमी डोंगराच्या कुशीत त्यांच्यासाठी हे शहर वसवलं. त्याभोवती सुमारे नऊ किलोमीटरची तटबंदी बांधली. ती डोंगराच्या अंगावरून वर चढत जाते, आणि तिचे काही बुरूज आजही पुरुषभर नव्हे, दुमजली उंचीचे उभे आहेत. उत्तरेचा आर्केडियन दरवाजा म्हणजे एक वर्तुळाकार चौक, आत एक दार आणि बाहेर एक. आजचा गाडीरस्ता त्यातूनच जातो. शत्रू बाहेरच्या दारातून आत आला की मध्ये कोंडून वरून मारायचा. गडांची गोमुखी दारं पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

त्या दिवशी असं करा. सकाळी लवकर माव्रोमाती या गावातून निघून दोघं लॅकोनियन दरवाज्यापर्यंत जा. तिथून इथोमीचा माथा गाठायला तासा-दीड तासाची वाट आहे. माथा सुमारे 800 मीटर उंच. वर झ्यूसचं प्राचीन पूजास्थान होतं, आता तिथे वुल्कानो मठाची जुनी, ओसाड इमारत आहे. गुडघा तक्रार करत असेल तर त्यांनी दरवाज्यापाशीच थांबावं. तिथे वाचण्यासारखं पुष्कळ आहे. तुम्ही वर जाऊन या. मग खाली येऊन दोघांनी मिळून शहर बघायचं : रंगमंदिर, अस्क्लेपिओस या वैद्यकाच्या देवाचं आवार आणि त्या सगळ्याच्या टोकाला घोड्याच्या नालेसारखं स्टेडियम. ऑलिंपियाला बसगाड्या ओळीनं लागलेल्या असतात, इथे मे महिन्यातही दगडी पायऱ्यांवर निवांत बसता येतं.

मिस्त्रासचंही तसंच, पण तिथे एक युक्ती सांगते. हे शहर तायगेतोसच्या पायथ्याच्या उभ्या टेकाडावर आहे. माथ्यावरचा किल्ला 1249 मध्ये विल्यम द व्हिलहार्दुआँ या फ्रँक, म्हणजे पश्चिम युरोपातून आलेल्या सरदारानं बांधला आणि थोड्याच वर्षांत तो बायझंटाइनांच्या हाती गेला. शेवटचा बायझंटाइन सम्राट अकरावा कॉन्स्टंटाइन इथेच राज्य करत होता आणि जानेवारी 1449 मध्ये त्याला सम्राटपद मिळालं ते याच गावात. चार वर्षांनी कॉन्स्टँटिनोपल पडलं आणि तो त्या लढाईत मारला गेला. मिस्त्रास 1460 मध्ये तुर्कांकडे गेलं. इथे जायला दोन दरवाजे आहेत, वरचा आणि खालचा. सगळे सहलवाले वरच्या दरवाज्यापाशी उतरतात आणि खाली चालत येतात, कारण उतार सोपा वाटतो. दुखऱ्या गुडघ्याला मात्र उतारच जास्त लागतो, त्यातून ते गुळगुळीत दगड. तुम्ही खालच्या दारानं आत जा, सावकाश वर चढा, पेरिव्हलेप्तोस आणि पांतानासा ही चर्चेस बघत. पांतानासामध्ये अजून नन राहतात, तिथे खांदे-गुडघे झाकलेले कपडे हवेत. मग राजवाडा, मग वरचं दार आणि तिथून टॅक्सी. किल्ल्यापर्यंतचा शेवटचा टप्पा तुम्ही एकटीनं करून या, तोवर ते आया सोफिया चर्चच्या आवारात बसतील. सकाळी दार उघडायच्या वेळी पोचा. अकरानंतर तो दगड तापतो.

‘प्रत्येक दगडापाशी उभा राहतो’ याबद्दल एक सांगू? दुसऱ्या शतकात पौसानियस नावाचा माणूस या सगळ्या प्रदेशात हिंडला आणि कुठे कोणतं देऊळ, कोणता पुतळा, कोणती वाट हे त्यानं बारीकसारीक लिहून ठेवलं. पुढच्या पुरातत्त्वज्ञांनी त्याचा मजकूर हातात घेऊन किती तरी जागा ओळखल्या. म्हणजे दगडापाशी थांबणाऱ्या माणसांचाही इथे उपयोग झालेला आहे. पण तुमची चिडचिडही खरी. त्यावर उपाय व्यवहाराचा आहे. त्यांना अवशेषांच्या आत त्यांच्या गतीनं फिरू द्या, तुम्ही आवारात एक फेरी मारा आणि ठरलेल्या वेळी ठरलेल्या झाडाखाली भेटा. पायवाटेवर मात्र गती त्यांची, म्हणजे दोघांतल्या हळू चालणाऱ्याची. ग्रुपमध्ये मागे राहिलेल्याला ‘आम्ही पुढे होतो’ म्हणायची जी सवय असते, ती इथे सोडा. दोघांत एकानं दिसेनासं होणं म्हणजे दोघंही एकटे पडणं.

तायगेतोस. तुमचं हे स्वप्न मला मुळीच मोडायचं नाही. शिखराचं नाव प्रोफितिस इलियास, उंची सुमारे 2407 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा साडेसातशे मीटरहून अधिक. स्पार्टाच्या बाजूनं गाडी बरीच वर जाते. तिथून पुढे साडेपंधराशे मीटरच्या आसपास डोंगरी क्लबचं एक आश्रयघर आहे आणि तिथून माथा साधारण साडेआठशे मीटरचा चढ. जाऊन-येऊन सहा तास धरा, वर बसायचं असेल तर सात. खाली फर-पाइनची झाडं आहेत, पण वरचा टप्पा उघडा, सुट्या दगडांचा. माथ्यावर दगड रचून केलेलं संत इलियासचं छोटं देऊळ आहे, आणि 20 जुलै हा त्याचा सण. आदल्या रात्री लोक वर जाऊन शेकोटी करतात आणि सूर्योदयाला पिरॅमिडसारखी डोंगराची सावली समुद्राकडे पडलेली पाहतात. तुम्हाला जुलै कुणी सुचवला असेल तर कदाचित यावरूनच. पण एका रात्रीसाठी बारा दिवस भट्टीत काढायचे का, हे तुम्ही ठरवा.

मे महिन्यात गेलात तर माथ्याखालच्या घळीत बर्फाचे पट्टे असतील. सह्याद्रीत बर्फावर चालायला कोणी शिकवत नाही. म्हणून माझी अट एकच : एकटीनं नाही, स्थानिक वाटाड्या घेऊन. तो बर्फ बघून ‘आज नाही’ म्हणाला तर वाद घालायचा नाही. आश्रयघर दररोज उघडं असेलच असं नाही, तेही आधी विचारून घ्या. त्या दिवशी नवरोबा स्पार्टात आनंदात असतील. प्राचीन स्पार्टाचे अवशेष फारसे नाहीत, कारण त्या लोकांनी बांधकामाची हौस कधी केलीच नाही. पण गावातलं पुरातत्त्व संग्रहालय आणि ऑलिव्ह व तेलाचं संग्रहालय मिळून त्यांचा दिवस छान जाईल. आणि हवामानानं शिखर हुकलंच, तर मिस्त्रासजवळच्या पारोरीहून घळीतून वर अनाव्रितीला जाणारी वाट आहे. युरोपच्या ई-4 या लांब पल्ल्याच्या पायवाटेचा तो भाग आहे, पिवळ्या-काळ्या खुणा असतात. तेवढ्यानं तुमचे पाय शांत होतील.

तिथून पलीकडे मानी हा डोंगराळ भाग. स्पार्टाहून कालामाताला जाणारा लंगाडा घाट तायगेतोस ओलांडतो. अंतर साठेक किलोमीटरच, पण वळणं इतकी की दोन तास धरा. कालामाताहून दक्षिणेला कार्दामिली. माझ्या मते तुमचा सगळ्यात लांब मुक्काम इथे हवा, निदान चार रात्री. गाव समुद्रावर, मागे लगेच डोंगर, आणि वर जाणारी खेचरांसाठी बांधलेली फरसबंद वाट. अशा वाटांना तिथे काल्देरिमी म्हणतात. होमरच्या ‘इलियड’मध्ये रुसलेल्या अकिलीसला मनवायला अगामेम्नॉन जी सात नगरं देऊ करतो, त्यात या गावाचं नाव आहे. गावामागच्या जुन्या कार्दामिलीत मुर्त्सिनोस घराण्याचा मनोरा आहे. 1821 च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाच्या तोंडावर त्या युद्धाचा सेनानी कोलोकोत्रोनिस तिथे येऊन राहिला होता. त्याच्या पुढे, वाटेच्या कडेला, खडकात खोदलेल्या दोन कबरी आहेत. कॅस्टर आणि पोलक्स या जुळ्या भावांच्या, असं लोक मानतात. तिथून आया सोफिया या वाडीपर्यंत चढायचं, ऑलिव्हच्या बागांमधून पेत्रोवुनीला वळायचं आणि खाली समुद्रावर यायचं. तीन तासांचा फेरा. डोंगर, समुद्र आणि अवशेष, तुमच्या पत्रातले तिन्ही शब्द एका सकाळीत. विरोस घळही इथूनच सुरू होते. ती सुंदर आहे, पण तिचा तळ म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांचा कोरडा पात्रमार्ग. त्यांच्या गुडघ्यासाठी नको, तुम्ही तासभर आत जाऊन परत या.

एक दिवस खाली तेनारोच्या टोकाला द्या. मुख्य भूमीच्या ग्रीसचं हे दक्षिण टोक. गाडीवाटेत वाथियासारखी मनोऱ्यांची गावं लागतात. मानीतल्या घराण्यांची वैरं पिढ्यान्‌पिढ्या चालत, म्हणून प्रत्येकाचं घर म्हणजे बुरूज. टोकाजवळ पोसायडनच्या देवळाची जागा, आणि तिथल्या गुहेतून पाताळात जायची वाट होती असा जुना समज. हेराक्लीसनं पाताळातला कुत्रा तिथूनच वर ओढत आणला म्हणे. पुढे दीपगृहापर्यंत सुमारे दोन किलोमीटर सपाटशी वाट, मध्ये रोमन काळातलं एक मोझेक उघड्यावर पडलेलं दिसतं. वाटेवर झाड नाही. संध्याकाळी पाचनंतर निघा. हा टप्पा गुडघ्यालाही सोसेल.

आता यादीतून काय काढायचं. डेल्फी पेलोपोनीसमध्ये नाहीच, कोरिंथच्या आखातापलीकडे आहे. ते पुढच्या खेपेला. ऑलिंपिया पश्चिमेला दूर पडतं, जायला-यायला दिवस जातो आणि चालण्यासारखं फार नाही. नवऱ्याचा जीव त्यातच अडकला असेल तर एक दिवस द्या, पण मग तेनारो सोडा. मायसिनी आणि एपिदाव्रोससाठी नाफ्प्लिओत दोन रात्री पुरतात. कोरिंथला खालच्या शहरात रेंगाळण्यापेक्षा मागच्या अक्रोकोरिंथवर जा. एकामागोमाग तीन दरवाजे, प्राचीन पायावर बायझंटाइन, त्यावर फ्रँक, व्हेनेशियन, तुर्क अशी भर, आणि 575 मीटरच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंचा समुद्र. तुम्हा गडवाल्यांना तासाभरात खाली यावंसं वाटणार नाही.

लूसिओस घळीचा मोह सोडवत नाही म्हणून तेवढं लिहिते. आर्केडियात स्तेम्नित्सा ते लांगादिया अशी 75 किलोमीटरची मेनालोन वाट आहे, आठ टप्प्यांची. 2015 मध्ये तिला युरोपच्या उत्तम वाटांचं प्रमाणपत्र मिळालं, खुणा चोख आहेत. तिचा पहिला टप्पा स्तेम्नित्सा ते दिमित्साना, साडेबारा किलोमीटर. कड्याला चिकटलेला प्रोद्रोमु मठ आणि दहाव्या शतकातल्या जुन्या फिलोसोफु मठाचे अवशेष त्यात येतात. पण घळीत उतरून पुन्हा चढायचं आहे. नाफ्प्लिओहून स्पार्टाला जाताना स्तेम्नित्सात एक रात्र काढता आली तर तुम्ही हा टप्पा करा आणि त्यांनी दिमित्सानाचं जलशक्ती संग्रहालय बघावं. स्वातंत्र्ययुद्धाला लागलेली बंदुकीची दारू या गावच्या पाणचक्क्यांनी दळली होती. दुपारी गावात भेटा.

गाडीचं म्हणाल तर भाड्यानं घ्यावीच लागेल. अथेन्सहून स्पार्टा आणि कालामाताला केटेल या बससेवेच्या बस चांगल्या आहेत, पण वाटेच्या तोंडापर्यंत त्या जात नाहीत. आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. रस्ता उजव्या हाताचा, गाडी ऑटोमॅटिक मागा आणि लवकर मागा, कमी असतात. घाटात रात्री चालवू नका. व्हिसासाठी 30,000 युरोंचा विमा लागतोच. त्यात डोंगरात चालणं आणि तिथून सोडवून आणण्याचा खर्च धरलाय का, हे कागद वाचून बघा. आणीबाणीला नंबर 112.

धनगरांच्या कुत्र्यांबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. कळपाबरोबरची ही कुत्री मोठी असतात आणि राखण करणं हे त्यांचं काम. पळू नका, कळपातून जाऊ नका, लांबून वळसा घाला. काठी हातात दिसू द्या, उगारू नका. मालक जवळपास असतोच, त्याला हाक मारा. दोघांसाठी चालायच्या काठ्यांच्या जोड्या इथूनच न्या. उतारावर गुडघ्याला त्यांचा आधार होतो. नवऱ्यानं निघण्याआधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना गुडघा दाखवून व्यायाम विचारून घ्यावेत. तीन महिन्यांत मांडीचे स्नायू बरेच सुधारतात.

जेवणाची काळजी सोडून द्या. ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथात उपासाचे दिवस भरपूर, आणि उपासाला मांस, दूध, अंडं चालत नाही. त्यामुळे गावातल्या साध्या खाणावळीतही तेलात शिजवलेल्या भाज्या असतात. मोठ्या पांढऱ्या वालासारख्या दाण्यांचं ‘यिगांतेस’, फरसबीचं ‘फासोलाकिया’, वांगी-बटाट्याचं ‘ब्रियाम’, उकडलेला रानपाला ‘होर्ता’, पिवळ्या डाळीचं घट्ट ‘फावा’. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपासाचं, एवढा शब्द पाठ करा, पण त्यांच्या उपासाला कोळंबी-कालवं चालतात, तेवढं विचारून घ्या. भरलेल्या टोमॅटो-मिरचीत कधी खिमा असतो, तेही विचारा. आणि कालामाताच्या बाजूला ‘दिप्लेस’ नावाचा पदार्थ मिळाला तर सोडू नका. पातळ लाटून गुंडाळी करून तळलेला, वर मध, अक्रोड. आपल्या चिरोट्याचा ग्रीक चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही. तिसऱ्या प्रहरी गावं झोपतात, दुकानं बंद असतात. डब्यात ब्रेड, चीज, ऑलिव्ह, फळं सकाळीच भरून घ्या.

रात्रींचा हिशेब असा लावा : अथेन्सला एक, नाफ्प्लिओला दोन, स्तेम्नित्सात एक, मिस्त्रासच्या पायथ्याशी तीन, कार्दामिलीत चार. परत येताना सकाळी मेस्सिनी आणि इथोमी, आणि दुपारनंतर महामार्गानं अथेन्स. शिखर मिस्त्रासला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठेवा, म्हणजे हवा बिघडली तर आणखी एक दिवस हातात राहतो. वाटाड्याशी बोलणी मात्र आत्ताच सुरू करा.